विश्लेषण : उपयोजित मानववंशशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी काय लागते?

स्पर्धा परीक्षेच्या तयारीमुळे मानववंशशास्त्र हे नाव इस्लामपूर परिसरातील अनेक विद्यार्थ्यांच्या कानावर असते. यूपीएससीत हा वैकल्पिक विषय 250 गुणांच्या दोन पेपरचा असतो आणि तो घेण्यासाठी त्या विषयाची पदवी लागत नाही. पण याच विषयात एमए किंवा एमएस्सी करायचे असेल, तर पात्रता काय? दोन वर्षांत काय करावे लागते? आणि पुढे काम कोणते?

‘उपयोजित’ म्हणजे नेमके काय?

मानववंशशास्त्र, म्हणजेच मानवशास्त्र, माणसाचा अभ्यास करते : त्याचे शरीर, त्याचा भूतकाळ, त्याची नातीगोती आणि संस्कृती. हे ज्ञान पुनर्वसन, आरोग्य, शिक्षण, आदिवासी विकास अशा प्रश्नांसाठी वापरले की ते उपयोजित ठरते.

याचे उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. कोयना धरणामुळे गावे उठली. त्या विस्थापितांची पाहणी इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी केली आणि ती पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1969 मध्ये प्रसिद्ध केली. धरणाची उंची आणि वीजनिर्मिती अभियंता मोजतो. उठलेल्या गावातील भावकी, देव, गावकी आणि मजुरीचे संबंध यांचे काय झाले, हे विचारणारा अभ्यासक वेगळा लागतो. कोयनेच्या विस्थापितांचे काही प्रश्न कित्येक दशकांनंतरही आंदोलनाचे विषय राहिले. असे प्रश्न वेळेत का विचारायला हवेत, हे त्यातून कळते.

अशी पदवी कुठे मिळते?

अमेरिकेत साउथ फ्लोरिडा विद्यापीठाने 1974 मध्ये उपयोजित मानववंशशास्त्राचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. तेथे अशा पदवीसाठी प्रत्यक्ष संस्थेत इंटर्नशिप हा महत्त्वाचा भाग असतो. आपल्याकडे मात्र नावात ‘उपयोजित’ असलेली पदवी शोधत बसू नये. पदवी बहुधा मानववंशशास्त्राचीच असते आणि उपयोजन हा त्यातील अभ्यासाचा भाग असतो.

इस्लामपूरहून सोयीचा पर्याय म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग. कर्वे यांच्यामुळे अनेकांच्या डोक्यात डेक्कन कॉलेजचे नाव असते. पण ते आज मुख्यतः पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत कोशकार्यासाठी ओळखले जाते.

प्रवेशासाठी काय लागते?

मूळ अट पदवीची. पदवीला मानववंशशास्त्रच असले पाहिजे, अशी सक्ती सर्वत्र नसते. एमए की एमएस्सी हे साधारणपणे पदवीच्या शाखेवर ठरते. प्रवेश परीक्षा, गुणांची अट आणि तारखा त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहाव्यात.

शिवाजी विद्यापीठाच्या पदवीधरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विद्यापीठ बदलताना स्थलांतर प्रमाणपत्र लागते. आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्यांनी जातीचा दाखला, जात वैधता आणि लागू असल्यास चालू मुदतीचे नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. ऐनवेळी दाखल्यासाठी धावपळ केली तर प्रवेशाची फेरी हुकते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करावा लागतो.

पदवी हाती पडण्यासाठी काय करावे लागते?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील विद्यापीठांत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी साधारण 88 क्रेडिटची आहे : चार सत्रे, प्रत्येकी 22. मुख्य विषयांखेरीज त्यात संशोधन पद्धतीला 4, कार्यानुभव किंवा क्षेत्र प्रकल्पाला 4 आणि संशोधन प्रकल्पाला दोन सत्रांत मिळून 10 क्रेडिट असतात. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला 30 तास धरले, तर कार्यानुभवाचे 120 तास होतात. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल, तर पदव्युत्तर पदवी एका वर्षात होऊ शकते. पहिल्या वर्षानंतर थांबल्यास पदव्युत्तर पदविका मिळते.

या विषयाची खरी कसोटी क्षेत्रकार्यात लागते. अनोळखी वस्तीत राहणे, मुलाखती घेणे, वंशावळ लिहिणे, रोज टिपणे काढणे आणि माहिती देणाऱ्याची संमती घेणे हे सगळे शिकावे लागते. वैकल्पिक विषयाच्या नोट्सवर यूपीएससीचा पेपर लिहिता येतो, क्षेत्रकार्य करता येत नाही. संदर्भग्रंथ बहुतांश इंग्रजीत असल्याने वाचनाची तयारी हवी. सुरुवात मराठीतून करायची असेल, तर कर्वे यांचे ‘मराठी लोकांची संस्कृती’ हाताशी आहे.

पुढे काम कोणते?

2013 च्या भूसंपादन कायद्याने, काही अपवाद वगळता, जमीन घेण्यापूर्वी सामाजिक परिणाम मूल्यांकन आवश्यक केले. ते तपासणाऱ्या तज्ज्ञ गटात सामाजिक शास्त्रांचे दोन अशासकीय अभ्यासक आणि पुनर्वसनाचे दोन तज्ज्ञ असावेत, असे कायदा सांगतो. याशिवाय भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण, पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था, आरोग्य प्रकल्प आणि स्वयंसेवी संस्था या दिशा आहेत. प्राध्यापक व्हायचे असेल, तर यूजीसी-नेटमध्ये हा विषय आहे.

मात्र पदवी मिळाली म्हणजे नोकरी मिळाली, असे होत नाही. जागा मोजक्याच असतात. मुलाखतीत गुणपत्रिकेइतकेच तुमचा क्षेत्र अहवाल काय सांगतो, हेही पाहिले जाते. वाळवा-शिराळ्यातील विद्यार्थ्याला त्यासाठी विषय दूर शोधावा लागणार नाही. चांदोलीच्या धरणग्रस्तांपासून ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांपर्यंत कितीतरी प्रश्न त्याच्या आसपासच आहेत.