‘मानवी चूक’ या शब्दांच्या पलीकडे

रणांगणावर धारातीर्थी पडलेल्या सैनिकाचे स्मरण कसे करावे, हे समाजाला ठाऊक असते. त्याच्यासाठी पदके असतात, स्मारके असतात, चौकाला नाव देण्याची प्रथा असते. प्रशिक्षणाच्या वा सरावाच्या उड्डाणात प्राण गमावलेला तरुण वैमानिक मात्र स्मृतीच्या कोणत्याच चौकटीत नीटसा बसत नाही. समोर शत्रू नसतो, जय-पराजय नसतो. दोन दिवस वर्तमानपत्रांत बातमी येते, तिरंग्यात लपेटलेली शवपेटी घरी येते, बंदुकींची सलामी होते. त्यानंतर काही महिन्यांनी चौकशीचा निष्कर्ष येतो आणि पुष्कळदा त्यात दोनच शब्द असतात : ‘मानवी चूक’. सलामीचा आवाज विरून जातो. हे दोन शब्द मात्र त्या घरात कायमचे मुक्कामाला येतात.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ याच्या घरी ते असेच आले. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातील सुरतगढ येथून त्याने मिग-२१ विमानातून उड्डाण केले आणि थोड्याच अवधीत ते विमान कोसळले. वयाची तिशीही न गाठलेला हा मराठी तरुण जागीच गेला. चौकशीचे बोट वैमानिकाकडे वळले. त्याचे वडील कॅप्टन अनिल गाडगीळ हे स्वतः हवाई दलातील माजी वैमानिक. आकाशाची जोखीम त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु पुत्र गमावण्याचे दुःख सोसत असतानाच, त्याच्या मृत्यूचा दोषही त्याच्याच माथी मारला जावा, हे कविता गाडगीळ या मातेला मान्य झाले नाही. मुलावरील ठपका दूर व्हावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. पुढे २००६ मध्ये ‘रंग दे बसंती’ हा चित्रपट आला, तेव्हा त्यातील वैमानिकाची आणि त्याच्या आईची कथा पाहताना अनेकांना गाडगीळ कुटुंबाचीच आठवण झाली.

या दाम्पत्याने केवळ गाऱ्हाणे मांडले नाही. हवाई सुरक्षेच्या कार्यासाठी त्यांनी अभिजितच्या नावाने प्रतिष्ठान उभारले आणि पुण्यात ‘जीत एअरोस्पेस इन्स्टिट्यूट’ ही वैमानिकांना प्रशिक्षण देणारी संस्था सुरू केली. आपला मुलगा गेला. दुसऱ्या कुणाचा जाऊ नये, एवढाच त्यामागील विचार. स्मरणाचा याहून सार्थ मार्ग मला तरी ठाऊक नाही.

आपल्या गोमंतकाला हा विषय दूरचा वाटू नये. १ ऑक्टोबर २००२ रोजी दाबोळीच्या आकाशात नौदलाची दोन आयएल-३८ विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विमानांतील बाराही जण मृत्युमुखी पडले. २४ मार्च २०१५ रोजी सरावासाठी निघालेले डॉर्नियर विमान गोव्याच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात कोसळले. लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत हे दोन तरुण अधिकारी त्यात गेले. २६ नोव्हेंबर २०२० रोजी मिग-२९के जातीचे प्रशिक्षणविमान अरबी समुद्रात पडले. सोबतचा वैमानिक वाचला; कमांडर निशांत सिंग यांचा मृतदेह मात्र अकरा दिवसांच्या शोधानंतर हाती लागला. ही माणसे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील होती, तरी त्यांचा शेवटचा दिवस आपल्याच आकाशाखाली, आपल्याच समुद्रावर गेला.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. विमानविद्येत माझा अधिकार नाही. तथापि ‘मानवी चूक’ म्हणजे काय, याचे एक उत्तर शरीरशास्त्राच्या पहिल्या वर्षातच आपण सर्व डॉक्टरांनी वाचलेले असते. आपल्या आंतरकर्णातील सूक्ष्म कर्णाश्म डोके कोणत्या दिशेला कलले आहे, हे मेंदूला कळवितात. परंतु डोके मागे कलणे आणि शरीर वेगाने पुढे ढकलले जाणे, या दोहोंतील फरक त्यांना ओळखता येत नाही. दोन्ही वेळी ते मागे सरकतात आणि मेंदूला एकच संदेश मिळतो. दिवसा डोळ्यांना क्षितिज दिसत असते, त्यामुळे हा गोंधळ लगेच दुरुस्त होतो. अंधाऱ्या रात्री निर्मनुष्य वाळवंटावरून उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला क्षितिजच नसते. विमान प्रचंड वेग घेत असताना त्याचे नाक फाजील वर उचलले जात असल्याचा भास त्याला होतो. ते खाली आणावे असे त्याचे सारे शरीर त्याला सांगू लागते. त्या क्षणी शरीरावर अविश्वास दाखवून समोरच्या उपकरणांवर विश्वास ठेवणे, हीच खरी कसोटी असते. जमीन अगदी जवळ असते आणि हाती मोजकेच सेकंद असतात.

विशिष्ट अपघाताचे निदान दुरून करणे हे आपल्या व्यवसायधर्मात बसत नाही आणि मी ते करीतही नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, असा भास हा निष्काळजीपणा नव्हे. निरोगी, हुशार, कर्तबगार माणसाच्या शरीराचा तो स्वाभाविक प्रतिसाद आहे. त्यावर मात करता येते ती केवळ योग्य प्रशिक्षणाने, पुरेशा सरावाने आणि विश्वासार्ह उपकरणांनी. म्हणून ‘वैमानिक चुकला’ येथे चौकशी संपत नाही. खरे तर ती तेथून सुरू व्हावयास हवी. त्याला शिकविण्यासाठी योग्य विमान होते काय? रात्रीच्या उड्डाणाचा सराव त्याला पुरेसा मिळाला होता काय?

या प्रश्नांचा इतिहास आपल्या देशात बोलका आहे. मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये हवाई दलात आले. ते वेगवान होते आणि धावपट्टीवर उतरतानाही त्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक असे. तुलनेने संथ प्रशिक्षणविमानांवर शिकलेल्या तरुणाला थेट अशा विमानात बसविणे धोक्याचे होते. मधली पायरी म्हणून प्रगत जेट प्रशिक्षणविमान घ्यावे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये केली. हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये आणि ती हवाई दलात रीतसर दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. शिफारस आणि पूर्तता यांच्यामध्ये पाव शतक गेले. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी मे २०१२ मध्ये राज्यसभेत दिलेल्या माहितीनुसार, खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने तोवर अपघातांत नष्ट झाली होती. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक प्राणास मुकले होते. याच मिग-२१ ने अनेक युद्धांत देशाची सेवाही केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला.

अपघाताकडे पाहण्याची निराळी दृष्टी विमानविद्येनेच जगाला दिली, हेही तितकेच खरे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातील राइट फील्ड येथे बोइंगचे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या वेळी कोसळले. मेजर प्लॉयर हिल हे अत्यंत अनुभवी वैमानिक त्यात दगावले. विमानाच्या शेपटीकडील नियंत्रक पृष्ठांची कडी उड्डाणापूर्वी काढावयाची राहून गेली होती. ‘वैमानिक विसरला’ म्हणून ती नस्ती बंद करता आली असती. तेथील वैमानिकांनी तसे केले नाही. इतक्या गुंतागुंतीच्या विमानात कुणीही काही ना काही विसरणारच, हे मान्य करून त्यांनी उड्डाणपूर्व तपासणीची यादी तयार केली. आज आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियमही स्पष्टपणे सांगतात की, अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोष ठरविणे हा नव्हे.

हीच यादी पुढे आपल्या शस्त्रक्रियागृहांत आली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये पुरस्कृत केलेल्या सुरक्षित शस्त्रक्रियेच्या यादीमागील प्रमुख प्रेरणा होती डॉ. अतुल गवांदे या अमेरिकास्थित, मूळ महाराष्ट्रीय कुटुंबातील शल्यविशारदाची. जगातील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली असता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असे जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. बालमृत्यूंच्या परीक्षणासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांचा गाभाही हाच आहे. दगावलेल्या बालकाच्या बाबतीत ‘कोणी चुकले’ यापेक्षा उपचारांचा निर्णय घेण्यास, रुग्णालयात पोहोचण्यास आणि तेथे उपचार मिळण्यास कोठे विलंब झाला, हे शोधावयाचे. अशा बैठकीत मृत बालकाचे कागद पुढे येतात, तेव्हा कुणालाही शरमेने मान खाली घालावी लागू नये. तरच सत्य बाहेर येते. दोषाच्या भीतीने माणसे गप्प बसतात आणि गप्प बसलेल्या संस्थेत पुढचा अपघात आधीच दबा धरून बसलेला असतो.

सैन्यात जाण्याचे स्वप्न पाहणारी मये-डिचोली परिसरातील मुले दृष्टी, उंची, वजन यांची तपासणी करून घेण्यासाठी आमच्याकडे येतात. त्यांतील कित्येकांना पहिल्या लसीपासून आपण ओळखत असतो. त्यांच्या आईवडिलांच्या डोळ्यांतील अभिमान आणि काळजी या दोन्ही गोष्टी डॉक्टरला एकाच वेळी दिसतात. त्यांना परावृत्त करण्याचा हक्क आपल्याला नाही. राष्ट्राला वैमानिक हवेत आणि आकाशाची ओढ ही तारुण्याची शोभा आहे. परंतु जो समाज आपली मुले देतो, त्याला दोन गोष्टी मागण्याचा हक्क निश्चितच आहे : उत्तम प्रशिक्षण आणि दुर्दैवाने काही घडलेच तर प्रामाणिक उत्तर.

अभिजित गाडगीळ याचे स्मरण करताना त्याच्या प्रतिमेला हार अवश्य घालावा. त्यासोबत त्याच्या आईने विचारलेला प्रश्नही जिवंत ठेवावा. तो प्रश्न हवाई दलाइतकाच आपल्या रुग्णालयांनाही लागू आहे : माणूस चुकला असेल, तर त्याला सावरण्यासाठी भोवतालच्या व्यवस्थेने काय करून ठेवले होते?