सिनेमा भाड्याचा की मालकीचा?

दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीखालचा कप्पा उघडला, की अनेक घरांत तोच वाद सुरू होतो. आत व्हीसीडी आणि डीव्हीडींची चळत असते. प्लेअर केव्हाच बिघडलेला असतो आणि नव्या लॅपटॉपला तबकडी घालायला जागाच नसते. ‘आता सगळं ओटीटीवर मिळतं, देऊन टाका भंगारात,’ असे मुले सांगतात. ‘यातला एक सिनेमा दोन वर्षं शोधतोय, कुठेच मिळत नाही,’ असे आजोबा म्हणतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. ऑनलाइन भाड्याने घेतलेला सिनेमा आणि विकत आणलेली तबकडी या निरनिराळ्या वस्तू आहेत. त्या हातातून जातात, त्याही निरनिराळ्या रीतीने.

२००७च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. व्हिडीओ लायब्ररीच्या भाड्याच्या आसपासच्या किमतीत सिनेमा विकत मिळू लागला आणि घरोघरी कपाटे भरली. २०१६मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला आणि तबकड्यांचा बाजार ओसरला. २०१८मध्ये मोझर बेअर दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेत टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवून मोठ्या झालेल्या नेटफ्लिक्सनेही ती सेवा सप्टेंबर २०२३मध्ये बंद केली.

पैसे नेमके कशाचे?

ऑनलाइन सिनेमा भाड्याने घेतला, की बहुतेक सेवांवर तो पाहायला सुरुवात करण्यासाठी साधारण ३० दिवस मिळतात. एकदा सुरू केल्यावर तो ४८ तासांत संपवावा लागतो. ‘डाउनलोड’ केलेली प्रतही कुलूपबंद असते. मुदत संपली, की फाइल फोनमध्ये असूनही उघडत नाही. व्यवहार असा स्वच्छ आहे आणि एकदाच पाहायच्या सिनेमाला तो पुरेसाही आहे.

घोळ होतो तो ‘खरेदी करा’ या बटणामुळे. काही सेवा जास्त पैसे घेऊन सिनेमा ‘विकतात’. प्रत्यक्षात ग्राहकाला मिळतो तो पाहण्याचा परवाना. सेवा आणि निर्माता यांच्यातला करार संपला किंवा सेवाच बंद पडली, तर तो सिनेमा ग्राहकाच्या यादीतून जाऊ शकतो. ही गफलत इतकी वाढली, की अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने त्यासाठी कायदा केला. १ जानेवारी २०२५पासून तेथे डिजिटल वस्तूला सरसकट ‘खरेदी’ म्हणता येत नाही. ग्राहकाला परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावे लागते.

तबकडीचे तसे नाही. सिनेमाचे हक्क निर्मात्याकडेच राहतात, पण ती प्रत घेणाऱ्याची असते. ती शेजाऱ्याला पाहायला देता येते, भेट देता येते, जुन्या बाजारात विकता येते. ती लावण्यासाठी पासवर्ड लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही.

चित्र कोणाचे सरस?

एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७० हजार ठिपके असतात. सिनेमात सेकंदाला अशी २४ चित्रे सरकतात. हे सगळे जसेच्या तसे पाठवायचे तर सेकंदाला सुमारे १२० कोटी बिट लागतील. म्हणून चित्र दाबून लहान केले जाते. मागची भिंत हललीच नसेल, तर ती प्रत्येक चित्रात पुन्हा पाठवली जात नाही. जेवढे बदलले, तेवढेच पाठवले जाते.

हे दाबणे किती, यावर दर्जा ठरतो. ब्लू-रे तबकडीत चित्रासाठी सेकंदाला ४ कोटी बिटपर्यंत, म्हणजे ४० एमबीपीएसपर्यंत जागा असते. एचडी स्ट्रीमिंग साधारण ५ एमबीपीएसच्या आसपास भागवते. चित्र दाबण्याच्या नव्या पद्धती अधिक हुशार असल्याने फरक आठपट दिसत नाही, पण अवघड जागी उघडा पडतो. रात्रीचा प्रसंग, धूर, धो धो पाऊस, वेगाची मारामारी अशा वेळी पडद्यावर चौकटी किंवा पट्टे उमटतात. मोबाइलवर हे जाणवत नाही. ५५ इंची टीव्हीवर, अंधाऱ्या खोलीत जाणवते.

मात्र ‘तबकडी म्हणजे उत्तम चित्र’ हा समज सरसकट खरा नाही. व्हीसीडीचे चित्र अवघ्या ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे, म्हणजे एचडीच्या विसाव्या भागाइतके असते. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणूनच एक सिनेमा दोन-तीन तबकड्यांवर यायचा. डीव्हीडी त्याहून चौपट बरी, तरी एचडीच्या पाचव्या भागाइतकीच. तोच सिनेमा स्वच्छ एचडी स्वरूपात ऑनलाइन असेल, तर तो व्हीसीडीपेक्षा नक्कीच चांगला दिसेल.

स्ट्रीमिंगचा दर्जा मात्र एकसारखा राहीलच असे नाही. सिनेमाचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा अनेक दर्जांमध्ये तयार ठेवलेला असतो. इंटरनेटचा वेग घसरला, की अ‍ॅप गुपचूप हलका तुकडा उचलते. रात्री नऊ वाजता चेहरे अचानक धूसर होतात ते यामुळे. शिवाय ५ एमबीपीएसने तासाला सव्वादोन जीबी डेटा लागतो. रोजचा दीड जीबीचा पॅक अशा दर्जात ४० मिनिटांत संपतो.

तबकडीलाही वय असते

तबकडी म्हणजे कायमची, हाही गैरसमज आहे. पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकवर उमटवलेले सूक्ष्म खड्डे, त्यावर प्रकाश परतवणारा धातूचा, बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा, पातळ थर, असा तिचा मामला. डीव्हीडीतील खड्ड्यांच्या रांगा इतक्या जवळ असतात, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत सुमारे शंभर रांगा बसतात. लेसर किरण त्या वाचतो. हवा आणि ओल आत शिरली, की धातूचा थर गंजू लागतो आणि प्रकाश नीट परतत नाही. कडेपासून आत येणारे तपकिरी डाग, उजेडासमोर धरल्यावर दिसणारी टाचणीएवढी भोके, ही त्याची लक्षणे.

उत्पादनातली चूकही महागात पडते. २००६ ते २००८ या काळात बनलेल्या आपल्या काही डीव्हीडी खराब होत असल्याचे वॉर्नर ब्रदर्सने २०२५मध्ये मान्य केले. त्या डीव्हीडी जपून ठेवणाऱ्यांच्या कपाटातही बिघडल्या होत्या.

सर्वांत नाजूक असतात त्या घरी किंवा स्टुडिओत ‘बर्न’ केलेल्या तबकड्या. लग्नाचे, मुंजीचे, साठीशांतीचे चित्रीकरण बहुतेकांकडे याच स्वरूपात आहे. त्यांत खड्डे नसतात. रंगद्रव्याच्या थरावर लेसरने खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवेने हे रंगद्रव्य बिघडते. कोकणातल्या चार पावसाळ्यांत एखादी तबकडी जाते, तर कोरड्या कपाटातली वीस वर्षेही टिकते. आधी सांगता येत नाही, हीच खरी अडचण. आणि लग्नाचे चित्रीकरण कोणत्याही ओटीटीवर पुन्हा मिळणार नाही.

विजेचा हिशेब

पर्यावरणाच्या बाजूने पाहिले, तर स्ट्रीमिंगची बाजू थोडी वरचढ ठरते. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१४मध्ये हा हिशेब मांडला. तबकडी बनवणे, दुकानापर्यंत गाडीने जाणे आणि जुना प्लेअर चालवणे यांत जास्त ऊर्जा जाते, असे त्यात दिसले. पायी जाऊन आणलेली आणि दहा वेळा पाहिलेली तबकडी हे गणित बदलू शकते. दोन्हींत मोठा वाटा टीव्हीच्या विजेचा असतो आणि तो सिनेमा कुठून आला यावर अवलंबून नसतो.

मग करावे काय?

एकदाच पाहायचा नवा सिनेमा भाड्याने घेणे शहाणपणाचे. पुन्हा पुन्हा पाहावासा वाटणारा, मोठ्या पडद्यावर शोभणारा सिनेमा ब्लू-रेवर मिळत असेल, तर तबकडीचे पैसे वसूल होतात. ऑनलाइन ‘खरेदी’ करताना आपण परवाना घेतो आहोत, हे लक्षात असावे.

कपाटातील तबकड्यांची तीन भागांत वाटणी करावी. घरगुती चित्रीकरणाच्या तबकड्या आधी घ्याव्यात. यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आजही मिळतो. त्यातून फाइल संगणकावर उतरवावी, ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि वर्षातून एकदा उघडून पाहावी. दुसरा भाग ऑनलाइन कुठेच न मिळणाऱ्या सिनेमांचा. त्या तबकड्या डब्यात उभ्या, थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवाव्यात. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे, गोल नाही. सीडी आणि व्हीसीडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने लिहू नये, कारण माहितीचा थर त्या बाजूला अगदी वरच असतो. चालू स्थितीतला एक प्लेअरही जपावा. एलजीसारख्या कंपन्यांनी ब्लू-रे प्लेअर बनवणे थांबवले आहे. उरलेल्या, सहज मिळणाऱ्या सिनेमांच्या तबकड्या खुशाल द्याव्यात.

आजोबांचा सिनेमा दुसऱ्या भागात मोडतो. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१मध्ये गर्दी खेचत होता. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जुने सिनेमे जपण्यासाठी पुण्यात १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तरीही जानेवारी २००३मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरची कित्येक जुनी रिळे जळाली. एकाच जागी ठेवलेली एकमेव प्रत कधीही जाऊ शकते, मग ती गोदामात असो, सर्व्हरवर असो वा टीव्हीखालच्या कप्प्यात. त्यामुळे भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आजोबांच्या तबकडीवरचे नाव एकदा वाचून बघायला हरकत नाही.