मानेचं सूत

फाल्गुन सरत आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी यात्रेची सुपारी द्यायला येतात आणि चैत्रातली एकेक तारीख भरत जाते. त्याच धांदलीत भाचा खांद्याला गिटार अडकवून दारात आला. तो एका फडात वाजवतो. म्हणाला, "मामा, वरच्या फ्रेटवर तार नुसती खरखरते. वाजवू कसा?"

गिटार हातात घेतली, एक डोळा मिटला आणि फळीचा बाक बघतात तशी मानेवरून नजर टाकली. बाक नव्हता, पीळ होता. जाड तारेकडची कड एका बाजूला, बारीक तारेकडची दुसऱ्या. दसऱ्यापासून वाद्यं ट्रकमधून हिंडत होती. दिवसा पत्रा तापायचा, रात्री दव पडायचं, आणि त्यात सहा तारांचा ताण. साध्या तारांच्या संचाचा हा ताण सगळा मिळून सुमारे 45 किलो भरतो. मान नुसती वाकली असती तर तिच्या पोटातली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, थोडी पिळून काम झालं असतं. पीळ त्या सळईनं निघत नाही. मान बदलणं आलं.

ती बदलता येते याचं श्रेय लिओ फेंडर यांना. कॅलिफोर्नियातला हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवत नसे. 1950 साली त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारची मान सरसानं चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती. बिघडली की काढा, दुसरी लावा. फडातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. झीलकऱ्याच्या हातातलं तुणतुणं बघा. लाकडी नळकांडं, खाली कातडं, आणि बाहेरून ठोकलेली दांडी. दांडी मोडली म्हणून कुणी तुणतुणं फेकत नाही.

नवी मान कुरिअरनं आली. मागवण्याआधी दोन मापं घेतली होती. पहिलं, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत 324 मिलिमीटर. त्याची दुप्पट 648, ही तारेची बोलती लांबी. हे माप चुकलं तर पुढं कितीही कसब लावा, गिटार सुरात येणार नाही. दुसरं, बुंध्याची रुंदी 56 मिलिमीटर. दोन्ही मापं जुळत होती, तरी मान खोबणीत उतरेना.

मग आम्ही पुणे-नाशिक रस्त्यानं मंचरच्या बाजूला तात्यांच्या शेडवर गेलो. तात्या बैलगाडा शर्यतीचे गाडे करतात. गिटार त्यांनी आधी कधी उघडली नव्हती. मला मात्र गिटारवाल्यापेक्षा सांधा कळणारा माणूस हवा होता. भाच्यानं घाईघाईनं कानस उचलली तसा त्यांनी हात धरला. "थांब पोरा. कुठं अडतंय ते आधी लाकडाला विचारू."

त्यांनी मानेच्या बुंध्याच्या दोन्ही अंगांना शिसपेन्सिल घासली, मान खोबणीत दाबली आणि बाहेर काढली. खोबणीच्या एका कोपऱ्यात नखाएवढा काळा डाग उमटला होता. तिथं लाकूड नव्हतंच, रंगाचा ओघळ सुकून बसला होता. तात्यांनी पटाशी उभी धरून तो खरवडला. पुन्हा पेन्सिल, पुन्हा डाग, पुन्हा खरवड. चौथ्या खेपेला मान अंगठ्याच्या दाबानं आत गेली आणि गिटार उलटी धरली तरी पडली नाही. स्क्रू एकही लागलेला नव्हता. माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म इथंच आहे. सांधा लाकडानं धरायचा असतो, स्क्रूनं नुसता राखायचा.

भोकं पाडण्याआधी तात्यांनी दोन बाजूंच्या दोन तारा सैल चढवायला लावल्या आणि मान शिकंज्यात धरली. सुताराच्या नावातच सूत आहे. इथं त्या तारा हेच सूत. दोन्ही तारा मानेच्या आपापल्या कडेपासून सारख्या अंतरावर येईतो त्यांनी मान केसभर इकडं, केसभर तिकडं सरकवली. ते नीट जमलं तेव्हा बॉडीच्या भोकांतून टोच्यानं चार खुणा केल्या.

गिरमिटाला चिकटपट्टीचा वेढा दिला, म्हणजे किती खोल जायचं ते कळतं. मानेचा बुंधा जेमतेम 25 मिलिमीटर जाड. बेतानं गेलं नाही तर वरच्या फ्रेटांमधून टोक बाहेर येईल. मेपल चिवट लाकूड, स्क्रू त्यात करकरतो आणि डोकं तुटतं, म्हणून प्रत्येक स्क्रू साबणाच्या वडीवर फिरवला. आणखी एक गोष्ट भाच्याला मुद्दाम दाखवली. बॉडीच्या भोकातून स्क्रू बोटानं ढकलून मोकळा जायला हवा, त्याचे आटे फक्त मानेत रुतले पाहिजेत. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू कितीही आवळा, मधली फट तशीच राहते. मग आमनेसामनेचे स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळले, चाक बसवतात तसे.

तारा एकदम ओढल्या नाहीत. आधी ढिल्या सुरात, रात्रभर तशाच. दुसऱ्या दिवशी पुऱ्या चढवल्या आणि पहिला व शेवटचा फ्रेट दाबून मधल्या फ्रेटावरची फट पाहिली. ती पाव मिलिमीटरच्या आसपास असावी. आमची जास्त भरली. ट्रस रॉडला एक पाव फेरा दिला, पुन्हा पाहिलं, जमलं. ब्रिजची उंची भाच्यानं स्वतः लावली.

चैत्रातल्या पहिल्या यात्रेला गिटार त्याच्याबरोबर गेली. फडातल्या सगळ्याच वादकांना माझं सांगणं आहे: मुक्काम पडला की वाद्य ट्रकमध्ये ठेवू नका, राहुटीत सावलीला घ्या. आणि मान मागवायची वेळ आलीच तर पैसे पाठवण्याआधी टेप लावून ती दोन मापं स्वतः घ्या.