रडवणारे नाटक आवडते कसे?

करुण नाटकाला प्रेक्षक रडतो आणि पुन्हा तिकीट काढतो. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील नायिका सिंधूचे हाल मराठी प्रेक्षक १९१९पासून असेच पाहत आला. घरात सोसवणार नाही ते दुःख रंगभूमीवर हवेसे का वाटावे, हा काव्यशास्त्रातला जुना पेच आहे.

विभाव (भावाची कारणे), अनुभाव (त्याची बाह्य लक्षणे) आणि व्यभिचारी (येते-जाते) भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, असे भरताने नाट्यशास्त्रात सांगितले. तो नेमका कोणाच्या ठायी, याचा वाद टीकाकारांसाठी उरला. भट्ट लोल्लटाने तो मूळ पात्रात मानला. शंकुकाच्या मते प्रेक्षक नटावरून त्याचे अनुमान करतो. पण नुसत्या अनुमानाने कोणाचे डोळे भरून येत नाहीत.

ही कोंडी भट्टनायकाने फोडली. रंगभूमीवर भाव ‘साधारण’ होतो, म्हणजे तो सिंधूचा, नटाचा किंवा प्रेक्षकाचा राहत नाही. दुःखाची मालकी सुटली की त्याची नांगीही मोडते. इसवी सन १०००च्या सुमारास काश्मीरच्या अभिनवगुप्ताने हा विचार पुढे नेला. प्रत्येकाच्या मनात वासनारूपाने, म्हणजे सुप्त संस्कार म्हणून असलेला शोक नाटकामुळे जागा होतो आणि त्याचाच आस्वाद घेतला जातो, असे त्याचे म्हणणे. रसास्वादातली सात विघ्नेही त्याने सांगितली. स्वतःच्या सुखदुःखात गुरफटणे हे त्यांपैकी एक. ताज्या शोकातल्या माणसाला शोकनाट्य का पाहवत नाही, याचा उलगडा इथे होतो. मराठी साहित्यिक न. चिं. केळकरांनी हाच अनुभव ‘सविकल्प समाधी’ म्हणून मांडला: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपले भान सोडत नाही.

संगीतापाशी मात्र हे उत्तर अडखळते. आलापात ना पात्र, ना कथा. भरताने गांधार व निषाद करुणाला, मध्यम व पंचम शृंगार-हास्याला नेमून दिले खरे. पण एकच राग विलंबित ख्यालात गंभीर वाटतो आणि द्रुत तराण्यात उल्हसित, तेव्हा अशा वाटणीवर फार विसंबता येत नाही. अमेरिकी अभ्यासक लेनर्ड मेयर यांनी १९५६मध्ये अपेक्षेवर बोट ठेवले. सूर पुढच्या सुराची ओढ लावतो. ती लांबली किंवा चुकवली गेली की भावना उसळते. तिहाई घेऊन गायक अचूक समेवर आला की मैफलीतून आपसूक ‘वाहवा’ उमटते, ती याच ओढीमुळे. करुण नाटकासाठी अभिनवगुप्ताचे उत्तर आजही पुरेसे आहे. शब्दाविना सुरासाठी मेयर यांचे अधिक जवळचे वाटते.