खार बघते तिकडे

साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घरामागे जेमतेम 20 फुटांचं परस आहे. एक शेवगा, एक कागदी लिंबू, कढीपत्ता, दोन जास्वंदी आणि धुणं वाळत घालायची तार. कॅमेरा घेतला तेव्हा डोक्यात ताडोबा होतं. बेत खिशामुळे बारगळला आणि लेन्स शेवग्याकडे वळली. आई म्हणाली, “अरे, खारीचे कसले फोटो काढतोस? ती रोजच इथं असते.”

रोज असते, हाच तर तिचा मोठा गुण. आपला राज्यप्राणी शेकरू बघायचा तर भीमाशंकरच्या रानात मान मोडेपर्यंत वर बघत फिरावं लागतं. आमची खार सकाळी साडेसातला मोरीच्या कठड्यावर हजर.

घरामागच्या जिवांकडे असं बघणारा एक माणूस याच गावात जन्मला होता, हे मला फार उशिरा कळलं. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जन्म 1851. नोकरी मीठ आणि जकात खात्यात, लिखाण ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी. 1883 साली आलेल्या त्याच्या ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’मध्ये वाघ-सिंह नाहीत, बंगल्यातले नि आवारातले उंदीर, पाली, कावळे, मुंग्या आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी त्याच वर्षी सुरू झाली आणि तिच्या संस्थापकांत तोही होता.

माझे पहिले दोनशे फोटो मात्र कुणाला दाखवायच्या लायकीचे नव्हते. शटर 1/60 वर ठेवलेलं; खारीच्या जागी करड्या रंगाचा फराटा यायचा. मग लक्षात आलं, खार सलग धावतच नाही. चार उड्या, की दगड. पुन्हा चार उड्या, पुन्हा दगड. त्या दगड झालेल्या क्षणाला 1/250 सुद्धा पुरतं. उडी किंवा शेपटीचा झटका हवा असेल तर 1/1000 च्या खाली जाऊ नये. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस डोळ्यावरच.

दुसरी चूक उभं राहून फोटो काढण्याची. वरून घेतलेली खार ही नुसती पाठ असते. आता मी मागच्या दारात पाटावर बसतो आणि जुन्या अभ्र्यात तांदूळ भरून त्यावर लेन्स टेकवतो. ट्रायपॉड माळ्यावर गेला. आणि हो, आधी तारेवरचा लाल टॉवेल काढावा. माझ्या एका बऱ्यापैकी फोटोत खारीच्या कानामागून तो अजून डोकावतो.

खाली बसण्याचा आणखी एक फायदा. महाराष्ट्रात तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची अशा दोन्ही खारी आढळतात. पाचवालीचे जास्तीचे दोन फिकट पट्टे कुशीवर असतात, म्हणजे वरून बघितलं तर तीनच मोजून मोकळं व्हायला होतं. रामानं तीन बोटं फिरवली ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. पाचवाली दिसली की उरलेल्या दोन बोटांचाही हिशेब लागतो. कडेनं बघताना पायही दिसतात. पुढच्या पंजाला चार बोटं, मागच्याला पाच. खोडावरून डोकं खाली करून उतरताना मागचे पंजे घोट्यात उलटे फिरतात आणि नखं वरच्या सालीत रुतून राहतात. हे मी आधी फोटोत मोठं करून पाहिलं, मग डोळ्यांना दिसायला लागलं.

खायला काही ठेवत नाही. बिस्किटं तर नाहीच. ठरलेल्या जागी दाणे पडले की खारीआधी शेजारचं मांजर वेळापत्रक पाठ करतं. मातीचं उथळ ताट भरून पाणी ठेवतो, रोज बदलतो. त्यावर बुलबुल येतात, दयाळ येतो. शेवगा फुलला की शिंजीर आपोआप येतो. लिंबावर राणी पाकोळी अंडी घालते, ती 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू. तिची लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून आईनं दोनदा झाडून टाकली होती. तिच्यासाठी मोबाइल पुरतो. शिंप्यानं पानं शिवून केलेल्या घरट्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. आडवं आलेलं एक पान फोटोसाठी बाजूला केलं, तरी पिल्लं उन्हाला आणि कावळ्याला उघडी पडतात.

पण सगळ्यात कामाची गोष्ट खारीनंच शिकवली. गेल्या श्रावणात ती शेवग्यावर शेपटी झटकत एकसारखी चिरकत होती. मी तिच्यावर लेन्स लावून बसलो. ओरडणारी खार, उघडं तोंड, झकास! पंधरा-वीस फोटो झाल्यावर सुचलं की ही माझ्याकडे बघतच नाहीये. तिच्या नाकाच्या रेषेत लेन्स खाली आणली. कढीपत्त्याच्या बुंध्याशी, पाण्याच्या ताटापासून हातभर अंतरावर, धामण. चांगली लांबलचक, पिवळट तपकिरी, जीभ आत-बाहेर.

धामण बिनविषारी, उंदरांवर जगणारी, हे मला पाठ आहे. हातांना ते माहीत नसावं. तीन फोटो निघाले. दोन हलले. तिसऱ्यात धामणीचा मागचा अर्धा भाग भिंतीच्या भोकात शिरताना दिसतो आणि वरच्या कोपऱ्यात खारीची शेपटी, पिसारलेली. खार स्वतः चौकटीबाहेर आहे.