दहा वर्षांखाली नाही!

मे महिन्यात पाचगणीस गेलो होतो. मुले टेबललँडवर घोड्यांच्या मागे, सौभाग्यवती स्ट्रॉबेरीच्या जॅमच्या खरेदीत. मी आपला शेजारच्या बंगल्यात उतरलेल्या एका वृद्ध वकिलांबरोबर व्हरांड्यात चहा घेत होतो. वर्तमानपत्रात गर्द पकडल्याची बातमी होती.

"असल्यांना सरळ दहा वर्षे आत टाकावे!" मी म्हणालो.

"टाकत होतेच की," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "१९८५ चा कायदा. पुडीवाला असो की पेढीवाला, किमान दहा वर्षे आणि लाख रुपये दंड! पुडी स्वतःपुरतीच होती, हे आरोपीनेच सिद्ध करायचे. अहो, आपल्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातसुद्धा विशेष कारण निकालपत्रात नोंदवून किमान शिक्षेखाली उतरण्याची न्यायाधीशाला मुभा होती. इथे ती खिडकीच बंद!"

कडक कायद्याला विरोध करून मते कोण गमावणार, म्हणा! वजनाप्रमाणे शिक्षा ठरायला २००१ साल उजाडले. आता हेरॉईन पाव किलोहून अधिक असेल, तरच किमान दहा वर्षे. काही गुन्ह्यांत दुसऱ्या खेपेस फाशी सक्तीची होती. ती न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवली २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, आणि संसदेने कायदा बदलला २०१४ मध्ये.

"माझा एक अशील होता," वकीलसाहेब म्हणाले, "दुसऱ्याची पिशवी पोचवायला निघालेला. शिक्षा सांगताना न्यायाधीशांनी कागदावरून मान वर केली नाही."

"वय काय होते त्याचे?"

"एकोणीस."