मसाला आणि मसलत

यंदा रमजान आणि मिरची कांडपाचा हंगाम एकत्र आला आहे. रोजा धरून कांडप गिरणीपुढून जाणे ही परीक्षाच. आत एका डब्यात शेजारच्या काकूंचा काळा मसाला असतो, दुसऱ्यात आमच्या घरचा बिर्याणीचा. चव निराळी, शब्द एकच.

हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला नाही. अरबीत ‘मसलहत’ म्हणजे हित, भले. तिचे अनेकवचन ‘मसालिह’. मूळ धातूचा अर्थ नीट असणे, सुधारणे. इस्लामी कायदेशास्त्रात मसलहत म्हणजे लोकहित. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता या पाच गोष्टींचे रक्षण तिच्यात धरले. तिथे मिरी-लवंगेचा पत्ता नाही.

फारसीत गेल्यावर शब्द कामाला लागला. एखादी गोष्ट नीट बनवायला जे सामान लागते ते ‘मसालेह’. इराणमध्ये आजही बांधकामाच्या साहित्याला हाच शब्द आहे. पदार्थ नीट करणारे सामान, हा अर्थ रुजला तो मुख्यतः आपल्याकडे. अरबी स्वयंपाकात मसाल्यांना ‘बहारात’ म्हणतात आणि इराणी ‘अदवीया’, म्हणजे शब्दशः औषधे. आपल्या ‘दवा’चेच ते अनेकवचन.

उर्दूत काही मंडळी अजून मूळ अरबी अक्षरे सांभाळून ‘मसालिहा’ लिहितात. मी साध्या ‘मसाला’वाल्यांच्या बाजूचा. तोंडात नाही ते कागदावर कशाला?

मराठीत हे घराणे दोन दारांनी आले. मसाला चुलीपाशी गेला, तर ‘मसलत’ दरबारात. पुढे तिला कटकारस्थानाचाही वास लागला. ‘सल्ला’ही त्याच धातूचा. उर्दूत समेटाला ‘सुलह’ म्हणतात आणि उस्ताद शागिर्दाच्या शेरात करतात ती दुरुस्ती ‘इस्लाह’. ही सगळी भावंडे. नमाजला ‘सलात’ म्हणतात, तोही शब्द यांच्यात ओढणारे भेटतात. पण त्याचा धातू वेगळा आहे.

वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतेच, “सर, असले शब्द काढून टाकले तर मराठी शुद्ध होईल ना?” मग मी फळ्यावर ‘सल्लामसलत करणे’ लिहितो आणि परके तेवढे पुसायला सांगतो. फळ्यावर ‘करणे’ उरते. काय करणे, ते कुणाला सांगता येत नाही.